चर्नी रोडच्या बागेतले मास्तर

ह्या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी दिसली की, आम्ही गिरणी कामगारांच्या एखाद्या संपावर बोलावे. अपेक्षा गैर नव्हती. तीस वर्षे आम्ही युनियनचे काम करीत आहोत, आणि संपाखेरीज आम्हांला दुसरे काही बोलता येत नाही असा लोकांचा समज झाला असेल तर त्याचे धनी आम्हीच आहोत. तरीपण आम्ही चालकांना कळवले की, यंदा आम्हांला एका शाळामास्तरावर बोलू द्या. चालकांनी मोठ्या मनाने ते मान्य केले. कामगार चळवळीतल्या माणसाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मास्तराच्या वाटेला का जावे, हे श्रोत्यांना बोलण्याच्या ओघात उमजेल अशी आशा आहे.

पहिल्याने आमचा अधिकार किती तो सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत होणार नाही. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साचेवाले, ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आईने खाणावळ चालवून घर ओढले. नववीत शाळा सोडून आम्ही एका छापखान्यात बाइंडिंगला लागलो. दिवसभर छापील कागदाला घड्या घालायच्या, दोरा घालायचा, खळ लावायची. शेकडो पुस्तके आमच्या हातून गेली, पण त्यांत काय आहे हे पाहण्याची मुभा नव्हती आणि खरे सांगायचे तर जिज्ञासाही नव्हती. पुस्तक म्हणजे आमच्या लेखी वजन होते.

संध्याकाळी रात्रशाळेत जात असू. तिथे आम्हांला जे मास्तर होते ते दिवसा दुसऱ्या शाळेत शिकवून आमच्याकडे यायचे. म्हणजे तेही आमच्यासारखेच दोन पाळ्या करणारे. शाळा भरायच्या आधी ते जिन्यात उभे राहून काहीतरी वाचीत असत. एके दिवशी त्यांनी आमच्या हातांची बोटे पाहिली. बोटांना खळ वाळून बसलेली होती. त्यांनी विचारले, "बाइंडिंगला आहेस काय रे?" आम्ही हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापडी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढले. पुठ्ठा गेलेला, पहिली काही पाने गेलेली. म्हणाले, "हे बांधून आण. घाई नाही. बांधायच्या आधी वाचलंस तरी चालेल." आम्ही ते महिनाभर ठेवले. वाचल्याशिवाय परत कसे करायचे ह्या लाजेने वाचू लागलो, आणि मग लाज मागे राहिली. ते पुस्तक कुणी लिहिले हे आम्हांला दोन वर्षे ठाऊक नव्हते, कारण नावाचे पानच नव्हते. पुढे कळले की, ते धनंजय कीर ह्यांनी लिहिलेले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र होते. त्या पुस्तकात आम्हांला आजच्या विषयाचे मास्तर प्रथम भेटले.

त्यांचे नाव कृष्णराव अर्जुन केळूसकर. जन्म १८६० सालचा, गाव वेंगुर्ल्याजवळचे केळूस. आता तो मुलूख सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो, तेव्हा रत्नागिरी जिल्हा म्हणत. ह्या रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला काय दिले ह्याचा हिशेब मांडायचा तर गिरण्यांचे खातेन् खाते फिरावे लागेल. ज्या किनाऱ्यावरून हजारो माणसे पोटासाठी बोटीने मुंबईस आली, त्याच किनाऱ्यावरचा हा एक मुलगा. तो साच्यावर गेला नाही, शिक्षक झाला. मुंबईच्या विल्सन हायस्कुलात त्यांनी मास्तरकी केली आणि मास्तरकी करता करता ग्रंथ लिहिले.

ती कामगिरी लहान नव्हे. तुकारामबुवांचे चरित्र १८९६ चे, गौतम बुद्धाचे चरित्र १८९८ चे, आणि १९०६-०७ च्या सुमाराचे छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र. हे शेवटचे मराठीतले पहिले सविस्तर शिवचरित्र म्हणून ओळखले जाते. त्याच्या आधारे तयार झालेला इंग्रजी ग्रंथ प्रा. ताकाखाव ह्यांच्या नावाने १९२१ साली निघाला. ज्या काळात लेखणी बहुतांशी एका वर्गाच्या हाती होती त्या काळात मराठा समाजातला एक शाळामास्तर, हाताशी मोठा पगार नाही, मागे संस्थान नाही, असे असता तुकाराम, बुद्ध आणि शिवाजी ह्या तिघांची चरित्रे लिहितो. ही तीन नावे शेजारी शेजारी ठेवून पाहावी. ती निवड सहज झालेली आहे असे आम्हांला वाटत नाही. एक वाणी, एक भिक्षू, एक राजा. आणि तिघांनीही लहान मानलेल्या माणसाला उभे राहण्यापुरती जागा करून दिली.

परंतु केळूसकरांचे नाव आज बहुतेकांना ह्या ग्रंथांमुळे ठाऊक नाही. ते ठाऊक आहे एका बागेमुळे.

चर्नी रोड स्टेशनासमोर जी बाग आहे, जिला आता स. का. पाटील उद्यान म्हणतात, तिथे शाळा सुटल्यावर केळूसकर मास्तर जाऊन बसत व वाचीत. तिथेच एल्फिन्स्टन हायस्कुलातला एक विद्यार्थी रोज येऊन पुस्तक उघडून बसे. मास्तरांनी त्याला काही दिवस पाहिले. मग जवळ जाऊन चौकशी केली, तू कोण, कुठला, कुठल्या शाळेतला. मुलाने सांगितले की आपण महार जातीचे, नाव भीमराव आंबेडकर. मास्तरांनी त्याचे वाचन पारखले आणि आपल्याजवळची पुस्तके त्याला द्यायला आरंभ केला. चरित्रकार ही गोष्ट अशी सांगतात, आणि ती खोटी मानायला काही कारण नाही.

आता इथे क्षणभर थांबून एक साधा प्रश्न विचारू. हा मुलगा वाचायला बागेत का येत होता? श्रीमंताच्या मुलाला झाडाखाली वाचण्याची हौस असते, तशी ही हौस नव्हती. आंबेडकर कुटुंब तेव्हा परळला डबक चाळीत राहत असे. एका खोलीत सगळा संसार. कीरांनी त्या खोलीचे वर्णन केले आहे: भांडीकुंडी, धूर, वर फळीवर सरपण, एकीकडे जाते, आणि त्याच खोलीत बांधलेली शेळी. मुलाने संध्याकाळी लवकर निजायचे. वडिलांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागत बसायचे, आणि दोनला मुलाला उठवून मग त्याच्या जागी आपण आडवे व्हायचे. मध्यरात्री घर निजले म्हणजे वाचायला जागा होई. ज्यांनी गिरणगावात दिवस काढले आहेत त्यांना ह्यात चमत्कार वाटणार नाही. आमच्या लहानपणी गाळ्यातही निजण्याच्या पाळ्या होत्या. रात्रपाळीचा माणूस उठला की दिवसपाळीचा त्याच वाकळेवर अंग टाकी. अशा ठिकाणी अभ्यासाला बसणे म्हणजे कुणाची तरी निजायची जागा अडवणे. तेव्हा बाग ही त्या मुलाची अभ्यासिका होती.

आणि जागेइतकीच वेळेची वानवा. मुलगा शाळेत जात होता म्हणून त्याला संध्याकाळ तरी मिळाली. त्याच परळातल्या गिरणीत त्याच वयाचे पोर असते तर? कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाचे काम दिवसाला १२ तासांहून जास्त नसावे, एवढे कायद्यात यायला १९११ साल उजाडावे लागले. १९२२ साली ११ तास झाले, १९३४ साली १०, आणि ४८ तासांचा आठवडा मिळाला तो त्यानंतर एका तपाने. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. ह्या सालांकडे आपले पुढारी पगाराचा आणि विश्रांतीचा इतिहास म्हणून पाहतात. आम्ही त्यांच्याकडे वाचनाचा इतिहास म्हणूनही पाहतो. बारा तास साच्यापुढे उभा राहिलेला माणूस रात्री डोळे उघडे ठेवू शकत नाही. त्याला ज्ञानाची गोडी नाही असे म्हणणाऱ्याने एक दिवस साचेखात्यात काढून पाहावा.

वर वडिलांचा उल्लेख आला. त्यांच्याविषयी बोलताना आम्हांला आमची एक चूक कबूल केली पाहिजे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी परळला एका चाळीच्या पटांगणात १४ एप्रिलच्या निमित्ताने आमचे भाषण होते. आम्ही बागेतल्या मास्तरांची गोष्ट रंगवून सांगितली. एका शिक्षकाने रत्न ओळखले, त्याच्या हातात बुद्धचरित्र ठेवले आणि पुढचा इतिहास घडला, असा एकंदर सूर. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आमच्याजवळ आले. म्हणाले, "भाऊ, बोललात झकास. पण सुभेदारांचं नाव एकदाच घेतलंत. आणि ज्यांनी ती सभा भरवली त्यांचं तर एकदाही नाही." आम्ही विचारले, कोणती सभा? ते म्हणाले, "पोराचा सत्कार करायला आपले लोक जमले होते ती. मास्तर काय बागेतून पुस्तक घेऊन आले नव्हते. सभेत दिलं ते." एवढे बोलून ते चालू लागले. त्यांना आम्ही पुन्हा पाहिले नाही. त्या रात्री घरी येऊन आम्ही पुस्तके काढून बसलो.

सुभेदार रामजी सकपाळ हे स्वतः शिक्षक होते, हे आपण विसरून जातो. लष्करी शाळेत त्यांनी १४ वर्षे मुख्याध्यापकी केली होती. पलटणीच्या शाळांतून शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवण्याची पद्धत होती, आणि त्यामुळे ज्या समाजाला गावच्या शाळेची ओसरी चढता येत नव्हती त्यातली एक पिढी लिहा-वाचायला शिकली. हे सुभेदार मुलाला पुस्तक हवे असले म्हणजे नाही म्हणत नसत. पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने मागत; तेही नसले तर तिचा एखादा दागिना मागून घेत, सावकाराकडे गहाण टाकीत आणि पुस्तक आणीत. पेन्शन आली की सोडवून परत देत. बाबासाहेबांच्या विद्वत्तेच्या मुळाशी त्यांच्या बहिणींचे दागिने आहेत. सासुरवाशीण मुलीने अंगावरचा दागिना बापाच्या हाती काढून द्यायचा म्हणजे काय, हे चाळीतल्या बायकांना विचारावे. त्या घरात तिला काय ऐकून घ्यावे लागले असेल, त्याची नोंद कुठल्याच चरित्रात नाही.

आता त्या सभेविषयी. इथे दोन हकिकती आहेत आणि त्या जुळत नाहीत. चरित्रकार म्हणतात की, भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा ही सभा झाली. साडेसातशेपैकी २८२ गुण. संस्कृत घेऊ दिले नाही म्हणून घेतलेल्या फारसीत चांगले गुण. सभेच्या अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते आणि केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. स्वतः बाबासाहेबांनी मात्र निराळे लिहून ठेवले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही; पुढे प्रसिद्ध झाली. तीत ते सांगतात की, आपण इंग्रजी चौथी पास झालो त्या वेळी समाजातल्या लोकांनी ही सभा भरवली आणि अध्यक्ष केळूसकरच होते.

मॅट्रिक की चौथी? बोले की केळूसकर? पंडितांनी ह्याचा निकाल लावावा. सांगणारा पन्नास वर्षांनी, प्रकृती खालावलेली असताना सांगत होता हे खरे. पण ज्याच्या गळ्यात हार पडला त्याची आठवण सहज बाजूला सारता येत नाही हेही खरे. इंग्रजी चौथी पास होणे हा सभा भरवण्याजोगा प्रसंग नव्हे हे बाबासाहेबांना स्वतःलाही वाटत होते. इतर समाजांत त्याचे कुणाला कौतुक झाले नसते. आम्हांला तर त्यामुळेच ही हकिकत खरी वाटण्याकडे कल होतो. ज्यांच्यात कुणी तिथवर गेलेच नव्हते त्यांनी मॅट्रिकपर्यंत कशाला थांबावे? पहिली पायरी दिसली तिथेच त्यांनी हार आणला असेल.

दोन्ही हकिकतींत मुलाला पुस्तक मिळते ते सभेतच, आणि देतात केळूसकर. बाबासाहेबांच्या हकिकतीत आणखी एक बारकावा आहे आणि आम्हांला तो फार मोलाचा वाटतो. सुभेदारांचा सभेला विरोध होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षा पास झाला ह्यापलीकडे त्याने काय केले आहे, असे त्यांचे म्हणणे. लोक हिरमुसले पण हटले नाहीत. ते केळूसकरांकडे गेले, कारण मास्तर हे सुभेदारांचे स्नेही. मास्तर सुभेदारांशी बोलले, थोडा वाद झाला आणि अखेर सुभेदार राजी झाले. म्हणजे मास्तर तिथे पोचले ते लोकांनी बोलावले म्हणून. ज्यांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत अशा माणसांनी जागा मिळवली असेल, सतरंजी आणली असेल, वर्गणी काढली असेल. आम्ही आयुष्यभर सभा भरवीत आलो आहोत. सभेच्या आधी किती पायपीट असते हे आम्हांला ठाऊक आहे, आणि तरीसुद्धा ह्या सभेमागची पायपीट आमच्या लक्षात एका म्हाताऱ्या कामगाराने आणून द्यावी लागली.

पुस्तक वाचून मुलगा काय बोलला तेही त्या प्रस्तावनेत आहे. त्याने थेट बापालाच जाब विचारला. सुभेदार मुलांना रामायण-महाभारताची पारायणे करायला लावीत. मुलाचा प्रश्न असा की, ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा हीनपणा सांगणारे हे ग्रंथ आम्हांला का वाचायला लावता, बुद्धाचे का नाही? सुभेदारांनी उत्तर दिले की, आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे, द्रोण, कर्ण ह्यांच्याकडे पाहा, किती लहान स्थितीतून किती उंच चढले, वाल्मीकीकडे पाहा. मुलाला उत्तर पुरेसे वाटले नाही, पण त्यात काही अर्थ आहे हे त्याने कबूल केले. एका खोलीत, जात्याच्या आणि शेळीच्या संगतीत, बाप आणि मुलगा महाभारतावर वाद घालीत आहेत, आणि तो वाद एका मास्तराने दिलेल्या पुस्तकामुळे सुरू झालेला आहे. चाळीतल्या जीवनाविषयी इतके लिहिले जाते. त्यात असली संध्याकाळ फार क्वचित येते.

ज्या बोले ह्यांचे नाव चरित्रकार अध्यक्ष म्हणून देतात, ते तर आमच्याच घरातले. भंडारी समाजातले हे गृहस्थ मुंबईच्या कामगार चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी. १९०९ साली स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेत ते अग्रभागी होते, आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा १९२३ चा मुंबई कायदे कौन्सिलातला प्रसिद्ध ठराव त्यांचाच. महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे जो ठराव होता तो हाच.

मास्तरांचा हात मात्र पुस्तकापाशी थांबला नाही. भीमराव कॉलेजात गेल्यावर सुभेदारांची ओढाताण होऊ लागली, तेव्हा केळूसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाची भेट घेतली, त्याची उत्तरे ऐकून समाधान पावले आणि दरमहा २५ रुपये विद्यावेतन ठरवले. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रोफेसर म्युलर ह्यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१२ साली बी. ए. ची परीक्षा झाली. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार वारले. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, त्यावर अधिक बोलत नाही.

कमी ठाऊक आहे तो १९१७ चा प्रसंग. परदेशाहून परतलेल्या आंबेडकरांना बडोद्याच्या नोकरीत असताना राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. ते मुंबईस परत आले. केळूसकर पुन्हा खटपटीला लागले. बडोद्यातल्या एका परिचित प्रोफेसरांनी आंबेडकरांना आपल्या घरी ठेवून घ्यायचे कबूल केले. आंबेडकर बडोद्याच्या स्टेशनावर उतरतात तो प्रोफेसरांची चिठ्ठी घेऊन माणूस उभा. पत्नी जुन्या वळणाची आहे, ती ऐकत नाही, क्षमा असावी. आंबेडकर तिथूनच माघारी फिरले.

आमच्या मते केळूसकरांच्या गोष्टीतले हे पान फाडून टाकले की ती गोष्ट पाठ्यपुस्तकात घालण्याजोगी गोड होते, आणि खोटी होते. मास्तरांचा शब्द राजवाड्यात चालला; एका सुशिक्षिताच्या माजघरात चालला नाही. विद्या घेतली म्हणजे बाकीचे आपोआप सुटत जाईल, अशी त्या पिढीतल्या पुष्कळ थोर माणसांची श्रद्धा होती. केळूसकरांचीही ती असावी. त्यांच्या विद्यार्थ्याने तो भ्रम बडोद्याच्या फलाटावर कायमचा टाकून दिला. ह्यामुळे मास्तरांचे मोल आम्हांला कमी वाटत नाही. पहिली खटपट फसल्यावर त्यांनी दुसरी केली, हे पुरे आहे. आमच्या धंद्यात तडजोडीची बोलणी दहा वेळा फिसकटतात. अकराव्यांदा जाणारा माणूस आम्हांला कळतो.

त्याच सुमारास गिरणगावात वाचनाची आणखी एक वाट निघाली होती आणि तीही एका मास्तराने काढलेली. नारायण मल्हार जोशी हे कामगारांचे पुढारी म्हणून प्रसिद्ध. लोअर परळमधल्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. पण ते आधी काही वर्षे शाळाशिक्षक होते. १९०९ साली भारत सेवक समाजात शिरले, १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने अशी तिची कामे. १९२० साली आयटकच्या स्थापनेत ते होते, १९२६ साली त्यांनी गिरणी कामगारांची युनियन उभी केली. आधी वाचनालय आणि मग युनियन, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आम्ही मंडळी नेमके उलटे करीत आलो. आधी युनियन, वाचनालय पुढे केव्हातरी, कचेरीत एखादे कपाट रिकामे झाले म्हणजे.

जोशींच्या त्या कामगार जगात आणि आंबेडकरांच्या जगात पुढे गाठही पडली. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. औद्योगिक तंट्यांच्या काळ्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा लाल बावट्याचे कार्यकर्ते आणि बाबासाहेब एकाच बाजूला उभे होते. केळूसकर १९३४ सालीच वारले होते. बागेत पुस्तक घेऊन बसणारा मुलगा एक दिवस कामगारांच्या सभेत संप करण्याचा हक्क मांडील, हे त्यांना पाहायला मिळाले नाही. पाहिले असते तर रुचले असते की नाही कोण जाणे.

ह्या वाटेवरचा आणखी एक मास्तर सांगून विषय आटोपता घेतो. नारायण सुर्वे. तान्हे असताना रस्त्यावर सापडलेले, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने वाढवलेले. त्यांनी गिरणीत काम केले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, आणि मग शाळेतच शिक्षक झाले. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' निघाले, १९६६ साली 'माझे विद्यापीठ'. ते विद्यापीठ कोणते हे गिरणगावात कुणी विचारले नाही. मुलाचे नाव शाळेत घालायला आलेल्या, बापाच्या नावाच्या रकान्यापाशी अडलेल्या आईवर त्यांची एक कविता आहे. ती आम्ही प्रथम ऐकली तेव्हा आम्हांला रात्रशाळेच्या जिन्यात उभे राहून बोटांकडे पाहणारे आमचे मास्तर आठवले. शाळेत मूल येते तेव्हा त्याच्या मागून घर येते, चाळ येते, गिरणीचा भोंगा येतो. ते सगळे ज्याला दिसते तो मास्तर. शिपायाचे काम केलेल्या माणसाला ते अधिक लवकर दिसले असावे.

आमच्या युनियनच्या कचेरीत आता एक कपाट आहे. दीडशेच्या आत-बाहेर पुस्तके असतील. त्यांतली पुष्कळशी आम्ही आमच्या हातांनी बांधलेली आहेत; ती विद्या विसरली जात नाही. केळूसकरांचे बुद्धचरित्र पुन्हा छापलेले आम्हांला दादरला चैत्यभूमीजवळ ६ डिसेंबरच्या गर्दीत, फुटपाथवर मांडलेल्या पुस्तकांत मिळाले. त्या दिवशी तिथे पुस्तकांची जी विक्री होते ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा जाऊन पाहावी. डोक्यावर गाठोडे घेतलेल्या, विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेल्या बाया तिथे पुस्तकाचे पान उलटून पाहतात आणि कमरेच्या पिशवीतून नोट काढतात.

ते पुस्तक आम्ही कपाटात ठेवले. गेल्या वर्षी एक पोरगा कचेरीत आला. एका मॉलमध्ये, जिथे पूर्वी गिरणी होती तिथे, ठेकेदाराकडे पहारेकरी म्हणून कामाला. बारा तासांची पाळी. १९११ सालच्या कायद्याचे आकडे आम्ही मघाशी सांगितले ते श्रोत्यांनी आठवून पाहावेत. जादा कामाचा पगार मिळत नाही म्हणून तक्रार घेऊन आला होता. आम्ही कागद पाहत होतो तोवर तो कपाटाशी उभा राहून पुस्तक चाळीत होता. वाचतोस कुठे, असे विचारले तर म्हणाला, "सुटीच्या दिवशी स्टेशनच्या बाकावर बसतो. घरी जागा नाय." वहीत नाव लिहून त्याने केळूसकर नेले.

तक्रार अजून लेबर कोर्टात आहे. पुस्तकही त्याच्याकडेच आहे. तारखेला भेटतो तेव्हा तो सांगतो की अर्धे झाले.